पाहिलेलं, ऐकलेलं, शंका आलेलं

“म्हणजे मी शांत झाले, की तक्रार मागे घ्यायची. असंच ना, भन्ते?”

भदन्त रेवत आसनावर डोळे मिटून बसले होते. ते तसेच बसून राहिले.

“मी तसं कधी म्हटलं, पोरी?”

“म्हटलंय तुम्ही. कॉलेजच्या फाटकावर टांगलंय. तुमच्या फोटोसकट.”

आता मात्र डोळे उघडले.

“काय टांगलंय?”

“‘मन शांत असेल, तर तक्रार उरतच नाही. भदन्त रेवत.’ खाली कॉलेजचं नाव. बुद्धाचा फोटो कोपऱ्यात, एवढुसा. तुमचा हा एवढा.”

तिनं दोन्ही हात फाकवून दाखवले.

टेकडीवरच्या त्या विहारात दुपारी वाऱ्याचा आवाज तेवढा असतो. एरवी लोक त्याला शांतता म्हणतात. उत्पला रंगारीला तो आवाज आठवडाभर टाळाटाळीसारखा वाटत होता.

ती फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला होती. विहारात येऊन बसायची हौस तिला नव्हती. तिला पाठवण्यात आलं होतं.

झालं होतं ते असं. प्रॅक्टिकल चालू होतं. ब्युरेटच्या काचनळीतून थेंब थेंब सोडायचे आणि फ्लास्कमध्ये फिकट गुलाबी रंग दिसला की थांबायचं. उत्पलाच्या हातून एक थेंब जास्त पडला. रंग गडद झाला. असं वर्गात रोज कोणाचं तरी होतं.

पण त्या दिवशी केळापुरे सर तिच्या मागे उभे होते. ते एक वाक्य मोठ्यानं म्हणाले. सगळ्यांना ऐकू जाईल असं.

उत्पलानं तक्रार दिली. समिती बसली. टेबलापलीकडे वडीलधारे चेहरे, सगळे कसे मायाळू. म्हणाले, सांग बाळा, सर नक्की काय म्हणाले?

तिनं तोंड उघडलं. वाक्य घशापर्यंत आलं, पुढं येईना. ती रडली. त्यांनी पाणी दिलं. आणि मग त्या मायाळू लोकांनी निर्णय दिला, की मुलगी एकाच नकारात्मक विचारात अडकली आहे. तेच ते घोळवत बसते. तिला मनःस्वास्थ्याच्या प्रशिक्षणाची गरज आहे. सुनावणी पुढच्या आठवड्यात, तोवर रोज दुपारी भन्तेंकडे बसावं.

केळापुरे सरांना कशाचीच गरज नव्हती. त्यांचं मनःस्वास्थ्य उत्तम होतं.

“चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तशी गत आहे,” उत्पला म्हणाली.

“संन्यासी तर मी आहे.”

“हो नं. पण फाशी मला.”

भन्ते हसले. तिला ते हसणंही आवडलं नाही. मोठ्या माणसांना उत्तर सुचलं नाही की ती हसतात, आणि आपण त्याला प्रसन्नता म्हणायचं.

“सुनावणी कधी आहे?”

“उद्या. अन् आज प्राचार्य इथं येणार आहेत. मी तक्रार मागे घेते की नाही, ते बघायला. तुम्हाला माहीत नाही?”

“दान घेऊन येतो म्हणाले होते. पौर्णिमा आहे म्हणून.”

“दानाच्या टोपलीत खाली मी आहे.”



मग भन्तेंनी रोजचंच विचारलं.

“आज बसलीस तेव्हा काय झालं?”

“तेच. वाक्य आलं.”

“मग मी सांगितलं होतं...”

“सांगितलं होतंत, विचार आला म्हणायचं अन् श्वासाकडे यायचं. आले. श्वास आत घेतला, वाक्याचा पहिला भाग. बाहेर सोडला, दुसरा भाग. आधी ते वाक्य नुसतं फिरायचं. आता तुमच्या कृपेनं त्याला ताल मिळालाय.”

“पोरी...”

“पुढचंही सांगू का, तुम्ही काय म्हणणार ते? सर एकदाच म्हणाले, तूच हजारदा म्हणतेस. दुसऱ्यानं टाकलेला निखारा तूच हातात धरून बसलीस. हेच नं?”

भन्तेंचं तोंड अर्धं उघडलं होतं. ते त्यांनी मिटलं. खरोखर तेच म्हणणार होते ते.

“मी धरला नाही, भन्ते. तो माझ्या अंगावर टाकला. आणि सगळे मला विचारताहेत, तू भाजतेस काऊन?”

बोलता बोलता ती उभी राहिली होती. विहारात उभ्यानं, भन्तेंशी, एवढ्या आवाजात. तिची आई असती तर तिनं जागच्या जागी तीनदा क्षमा मागितली असती. आई दर पौर्णिमेला या टेकडीवर अनवाणी चढायची.

“तुला ते वाक्य जायला हवंय नं?” भन्तेंनी विचारलं.

उत्पला थबकली.

पुस्तक उघडलं की पहिल्या ओळीच्या आधी ते वाक्य यायचं. भाजी चिरताना यायचं. वेणी घालताना यायचं. परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्याच्यानं एक पान वाचून होत नव्हतं. जायला हवं होतंच ते.

“नाही,” ती म्हणाली.

“काऊन?”

“ते गेलं, तर उद्या मी समितीपुढं काय घेऊन जाऊ?”

ती तशीच उभी राहून बोलत गेली.

“मी शांत झाले, की ते जिंकले. म्हणून मी इथं बसते, डोळे मिटते, आणि शांत व्हायचं नाही म्हणून जीव खाऊन लढते. तुमच्यासमोर. रोज. तुम्हाला वाटतं, पोरगी छान बसते.”

मांडीवरचे हात भन्तेंनी उगाच एकदा उचलले आणि पुन्हा ठेवले.



“आज पवारणा आहे,” ते म्हणाले.

उत्पलाला संताप आला. आपण काय बोलतोय आणि हे कुठल्या सणाचं काढताहेत.

“म्हणजे?”

“पावसाळ्याचे तीन महिने आम्ही भिक्खू एका जागी राहतो. आज ते संपतात. आजच्या दिवशी प्रत्येक भिक्खूनं बाकीच्यांपुढं उकिडवं बसायचं, हात जोडायचे अन् म्हणायचं, माझा काही दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा तुम्हाला शंका आली असेल, तर दया करून मला सांगा. मला तो दिसला, तर मी दुरुस्त करीन. सगळ्यात थोरल्या भिक्खूनं पहिल्यांदा म्हणायचं.”

“थोरल्यानं?”

“पहिल्यांदा.”

हे तिला नवीन होतं. थोरल्यांनी दोष विचारायचे, तेही हात जोडून, असा काही नियम जगात आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. थोरल्यांनी कशाला सांगितलं असतं!

“मग तुमचे दोष कोण सांगतं?”

“यंदा मी एकटाच होतो इथं.”

“मग?”

“भिक्खू एकटा असला, तर त्यानं पवारणा मनातल्या मनात करायची. विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमांत, तशी सोय आहे.”

“सोयीचं आहे,” उत्पला म्हणाली.

...



भन्ते आसनावरून उठले. सत्तरी उलटलेला माणूस. उठताना एक हात भिंतीला गेला. पायरी उतरून ते खाली फरशीवर आले. अंगावरचं चीवर एका खांद्यावर नीट केलं. आणि उत्पलासमोर उकिडवे बसले. गुडघा कटकन वाजला.

त्यांनी हात जोडले.

“भन्ते! हे काय... उठा नं. कोणी बघितलं तर माझी आई मला घरात घेणार नाही.”

“सांग.”

“मी काय भिक्खू आहे का?”

“दोष दिसायला चीवर लागत नाही. पाहिलेला, ऐकलेला, शंका आलेला. सांग.”

तिला वाटलं, आपली थट्टा चाललीय. मग तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं. जोडलेले होते. गुडघ्यांवरचा भार पेलवत नव्हता, तरी सुटले नव्हते. थट्टा नव्हती ती.

मग तिनं सोडलं नाही.

“तुम्ही विकले गेलात.”

“पाहिलंस? ऐकलंस? की शंका?”

“म्हणजे काय! कॉलेज तुम्हाला गाडी पाठवतं, शाल देतं, तुमचे फोटो...”

“गाडी पाहिलीस. शाल पाहिलीस. विकला गेलो, हे?”

“...शंका.”

“मग शंका म्हण.”

“तुम्हीही समितीसारखेच. पुरावे मागता.”

“समितीनं विचारलं, तू अशी काऊन आहेस. मी विचारतोय, मी कसा आहे. बोल.”

उत्पलानं श्वास घेतला. मुद्दाम नव्हे, घ्यावाच लागला.

“मला शंका आहे, की तुम्ही विकले गेलात.”

“हं.”

“फाटकावरचा फलक मी पाहिला. कॉलेजात मनःस्वास्थ्याच्या प्रशिक्षणाच्या उद्घाटनाला तुम्ही ते वाक्य म्हणालात, ते मी ऐकलं. टाळ्या पडल्या. तुम्हाला आवडल्या.”

“आवडल्या, हे कसं कळलं?”

“तुम्ही हसलात. टाळ्या थांबल्या, तर तुम्ही ते वाक्य परत म्हणालात. पाहिलं अन् ऐकलं, दोन्ही.”

भन्तेंची मान खाली गेली.

“बरोबर पाहिलंस,” ते म्हणाले. “पुढं?”

“आठवडाभर मी इथं येते. तुम्ही मला श्वास कसा आहे ते विचारलं. लांब आहे का, आखूड आहे का, नाकाच्या शेंड्याशी गार लागतो का. सर काय म्हणाले, ते एकदाही विचारलं नाही. कोणीतरी माझा गळा धरलाय, भन्ते, आणि तुम्ही सांगता, श्वासाकडे लक्ष दे!”

आवाज छताला लागून खाली आला.



“हे पाहिलेलं आहे,” भन्ते म्हणाले. “हे शंका नाही.”

“मग दुरुस्त करा. दिसला तर दुरुस्त करीन, असं म्हणतात नं तुमच्यात? की तेही मनातल्या मनात?”

“सुनावणी किती वाजता?”

“अकरा. तुम्ही कशाला? मला धीर द्यायला येणार असाल तर नका येऊ. पाठीवरून हात फिरवणारे माझ्याकडे पुष्कळ आहेत.”

“तुला धीर द्यायला नाही. माझं वाक्य परत घ्यायला.”

“समितीपुढं?”

“आधी फाटकापुढं. मग समितीपुढं.”

उत्पला त्यांच्यासमोर फरशीवर बसली, कारण उभं राहून आता बरं दिसेना. भन्तेही उकिडव्याचे मांडी घालून बसले. दोघं एकाच फरशीवर. आसन वर रिकामं.

“आता माझं ऐकणार?” भन्तेंनी विचारलं.

“श्वासाबद्दल असेल तर नाही.”

“नाही. सरांच्या त्या वाक्याचं तसंच कर, जसं माझं केलंस. ऐकलेलं काय?”

हे वाक्य तिनं कोणालाच मोठ्यानं सांगितलं नव्हतं. आईला नाही, मैत्रिणींना नाही. तक्रारीतसुद्धा ‘अपमानास्पद शब्द’ एवढंच लिहिलं होतं. स्वतःच्या तोंडानं ते म्हणायचं, म्हणजे स्वतःच स्वतःला म्हटल्यासारखं.

भन्ते थांबले. पाणी दिलं नाही. बाळा म्हटलं नाही. नुसते थांबले.

“‘तुम्हा लोकांना,’” उत्पला म्हणाली, आणि थांबली.

...

“‘तुम्हा लोकांना सीट फुकट मिळते, अक्कल कुठून आणणार?’”

म्हणून झालं. छप्पर जागेवर होतं.

“एवढंच?”

“एवढंच.”

तिचं तिलाच नवल वाटलं. एवढंच होतं? डोक्यात तर ते संपतच नव्हतं.

“पाहिलेलं?”

“वर्ग हसला.”

“सगळा?”

“...नाही. पुढच्या टेबलावरचे दोघं हसले. माझ्या शेजारची मंगला नाही हसली. ती आपल्या ब्युरेटकडे बघत राहिली. बाकीच्यांचं मी पाहिलंच नाही. माझी नजर खाली होती.”

“शंका?”

वारा आला, गेला. पताका फडफडल्या, थांबल्या.

तिला वाटलं होतं, शंकेच्या खात्यात केळापुरे सर निघतील. त्यांच्या मनात काय होतं, कॉलेज त्यांना पाठीशी घालेल की काय, असलं काही. ती आत शोधत गेली, तर तिथं केळापुरे सर नव्हतेच.

“शंका...” ती म्हणाली, “की ते खरं असेल.”

“कोणाबद्दलची?”

“माझ्याबद्दलची.”

हे मात्र तिनं इतक्या हळू म्हटलं, की भन्तेंनी ऐकलं नसतं तरी चाललं असतं.

दहावीला तालुक्यात पहिली आलेली ही मुलगी. वडिलांनी पेढे वाटले होते, सायकलवरून, गावभर. आणि एका माणसाच्या एका वाक्यानं तिच्या आत ही शंका सोडून दिली होती. ऐकलेलं वाक्य एका दमात संपत होतं. दिवसरात्र फिरत होती ती ही शंका.

डोळ्यांत पाणी आलं, पण आजचं पाणी वेगळं होतं. त्याला चटका होता.

“ही माझी नाही,” ती म्हणाली. “ही त्यांनी माझ्यात टाकली. माझ्या घरात, माझ्या पुस्तकात, माझ्या झोपेत. आणि मी आठवडाभर तिलाच राखत बसले, माझा राग म्हणून!”

“उद्या ऐकलेलं ने. पाहिलेलं ने. शंका नेऊ नकोस.”

“तिचं काय करू?”

“काही नको करू. आली तर शंका म्हण. तिचं नाव तेच आहे.”

“जाईल?”

“मला माहीत नाही.”

भन्तेंच्या तोंडून ‘मला माहीत नाही’ तिनं पहिल्यांदा ऐकलं. आठवडाभराच्या उपदेशात त्यातल्या त्यात हेच तिला पटलं.

“थोडा वेळ बसते,” ती म्हणाली.

“कोणी सांगितलं?”

“कोणी नाही.”

तिनं डोळे मिटले. वाक्य आलं. ती म्हणाली, ऐकलेलं. हसणारे दोघं आले. ती म्हणाली, पाहिलेलं. मग ती तिसरी आली, नेहमीसारखी, पायांचा आवाज न करता. शंका, उत्पला म्हणाली. ती गेली नाही. पण जरा सरकून बसली, आणि मधे जागा झाली. त्या जागेत राग होता. तो कुठं गेला नव्हता. घाणीतून काढून धुतल्यासारखा स्वच्छ झाला होता.

खाली गाडी थांबल्याचा आवाज आला.

प्राचार्य अंबाडकर पायऱ्या चढून आले. मागोमाग शिपायाच्या हातात फळांची टोपली, वर शाल. भन्ते फरशीवर बसलेले पाहून ते गोंधळले. पाया पडायला नेमकं कुठं वाकायचं, ते त्यांना कळेना. मग वाकले एकदाचे.

“वंदामि भन्ते. आसन सोडून खाली?”

“आज खालीच आहे.”

“काय म्हणते आमची मुलगी?” प्राचार्यांनी भन्तेंनाच विचारलं. मुलगी हातभर अंतरावर बसली होती. “झाली का शांत? नाही, उद्या उगाच ते सगळं परत उकरायचं, तिलाच त्रास. केळापुरे तसे मनानं वाईट नाहीत हो. तोंडानं जरा फटकळ, एवढंच. आम्ही म्हटलं, भन्तेंच्या सान्निध्यात...”

उत्पला उठून उभी राहिली.

“जय भीम, सर.”

“हां, हां, जय भीम. बस बेटा, बस.”

“सर, समितीनं विचारलं होतं, केळापुरे सर काय म्हणाले. त्या दिवशी माझ्याच्यानं सांगवलं नाही. आता सांगते.”

“अगं, आता कशाला? उद्या बघू की...”

“‘तुम्हा लोकांना सीट फुकट मिळते, अक्कल कुठून आणणार?’ हे मी ऐकलं. पुढच्या टेबलावरचे दोघं हसले, हे मी पाहिलं. त्यांची नावं मला माहीत आहेत. मंगलानंही ऐकलं. तिला बोलवा. आली नाही, तर ती का आली नाही, तेही मी विचारीन. उद्या अकराला.”

आवाज चढला नाही, कापला नाही. औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचून दाखवावा, तसा एकेक शब्द तिनं खाली ठेवला.

प्राचार्यांनी तिच्याकडे पाहिलं. आल्यापासून पहिल्यांदा.

“‘तुम्हा लोकांना’ म्हणजे कोणाला, हे त्यांना विचाराल नं, सर?” ती म्हणाली. “नसेल विचारायचं, तर मी विचारते.”

टोपलीतलं एक संत्रं घरंगळलं आणि फरशीवरून लांब गेलं. ते उचलायला कोणी वाकलं नाही.

प्राचार्य भन्तेंकडे वळले.

“भन्ते, हे काय? तुम्ही तर म्हणाला होतात, मुलगी शांत होईल!”

भन्तेंनी उत्पलाकडे पाहिलं. मग प्राचार्यांकडे.

“शांतच आहे ती, साहेब. घाम तुम्हाला फुटलाय.”